उत्तरेकडचं प्रस्थान

मथुराकाकीच्या बद्री-केदारच्या यात्रेतला पहिला मुक्काम आमच्या पडवीत पडला, ह्यात आमचं कर्तृत्व काहीच नाही. आमचं घर तिच्या घराच्या उत्तरेला होतं, एवढंच. मधे एक गडगा, म्हणजे चिऱ्यांची छातीइतकी उंच कुंपणभिंत, आणि त्या गडग्याला येण्याजाण्यापुरती एक फट. आमच्या कोंबड्या त्या फटीतून तिकडे जायच्या, त्यांची मांजरं इकडे यायची. आमच्या पलीकडे मग माडांची बाग आणि खाडी. त्यामुळे उत्तरेला निघालेल्या बाईला ठेवायचं कुठे, असा प्रश्न आला तेव्हा धोंडू भटजींनी पंचांग मिटलं आणि सांगितलं, प्रस्थानाला दिशा लागते, जात लागत नाही. आम्ही ख्रिश्चन. माझा भाऊ पेद्रू म्हणाला, "भटजीन आमका पयल्यांदाच कामाक लावल्यान."

प्रस्थान म्हणजे काय ते सांगायला हवं. मुहूर्त एका दिवसाचा आणि बोट दुसऱ्या दिवसाची असं झालं की लोक हळकुंड-सुपारी फडक्यात बांधून शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला, असं देवाला सांगायचं आणि आपण घरात बसून खुशाल जेवायचं. रीत सोयीची आहे. पण मथुराकाकीच्या सासरी सोय म्हणून कशाची नव्हती. तिथे माणसानेच बाहेर पडायचं, आणि एकदा देवांना गाऱ्हाणं घालून उंबरा ओलांडला की देवदर्शन झाल्याशिवाय परत आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर यात्रा मोडली. त्यांचा कोणी पणजोबा म्हणे विसरलेली काठी न्यायला परत आला आणि त्याच वर्षी घरचं गलबत बुडालं. त्या वर्षी इतरांचीही गलबतं बुडाली असतील, आणि त्यांचे पणजोबा काही काठी विसरले नव्हते. पण मी पडले शाळेत भूगोल शिकवणारी बाई, मला कोण विचारतो.

मथुराकाकी ही त्या घराचा कर्ता परशुराम याची थोरली वहिनी. लग्न होऊन आली आणि थोड्याच दिवसांत नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. तिला कोणी माहेरी जा म्हटलं नाही आणि इथे राहा असंही म्हटलं नाही. चुलीपाशी जागा होती, तिथे ती राहिली. पुढे परशुरामाचं लग्न झालं, जानकी आली, मुलं झाली, आणि सगळ्यांची पेज, भात, कुटणं, वाळवणं, आजारपणं काकीच्या अंगावर पडत गेली. जानकी मनाने वाईट नव्हती. तिला कधी काही करावंच लागलं नाही, म्हणून काही येत नव्हतं. परशुराम तर चारचौघांत सांगायचा की आमच्या वयनीमुळे घर उभं आहे. खांबाचं कौतुक करायला माणसाचं काय जातं? खांब कुठे जायचा नसतो.

कुडाळ-वेंगुर्ल्याच्या बाजारापलीकडचं जग तिने पाहिलं नव्हतं. अशी ही बाई एका दिवाळीत फटीपाशी येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "मास्तरनी, तुज्या नकाशात केदारनाथ आसा काय?"

मी शाळेतला भिंतीवरचा नकाशा गुंडाळून घरी आणला आणि पडवीत टांगला. मालवण शोधायला तिला वेळ लागला नाही, किनाऱ्याच्या रेघेवरून बोट फिरवत ती आपली आपण आली. मग मी तिचं बोट धरून वर नेलं. मुंबई, हरिद्वार, ऋषिकेश. हिरवा रंग पिवळा झाला, पिवळ्याचा तपकिरी झाला आणि शेवटी नुसता पांढरा.

"हयसर रंग संपलो?" तिने विचारलं.

"रंग नाय संपलो, काकी. थंय बर्फ आसा."

तिने बोट उचललं नाही. मी म्हटलं, एवढ्या वर काय काम काढलंत? मोक्ष वगैरे काहीतरी म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "हयसून हाक मारल्यानी तर थंय आयकाक येवची नाय, इतक्या लांब माका एकदा जावचा आसा."

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आधीची. एव्हरेस्टवर माणूस जाऊन आल्याला काही वर्षं झाली होती, वर्तमानपत्रात उठल्याबसल्या हिमालय असायचा, आणि आमच्याकडची माणसं भुईमुगाच्या शेंगा खात त्यावर मतं द्यायची. खरोखर जायची गोष्ट निघाली की मात्र सगळ्यांच्या गुडघ्यांना कळा. जवळच्या मसुरे गावचे गुरुदासबुवा तेवढे एकदा जाऊन आले होते आणि येत्या वैशाखात गावातल्या काही माणसांना घेऊन पुन्हा निघणार होते. काकीच्या वेंगुर्ल्याच्या भावाने खर्च उचलला. राहिला परशुराम. आंगणेवाडीच्या जत्रेत, भराडीदेवीच्या मांडवाबाहेर, सगळे नातलग जमलेले असताना बुवांनी त्याला विचारलं, "वयनीक धाडतास मा?" चार माणसांत नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. तो हो म्हणाला.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. रोज दुपारी भांडी घासून झाली की काकी आमच्या पडवीत यायची आणि आम्ही दोघी यात्रा करायचो. अगोदर केदार, मग बद्री, हा क्रम तिने पाठ केला. रुद्रप्रयागला दोन नद्या मिळतात, तिथून मोटार कुठवर जाते, पुढे चालायचं कुठून, उखीमठावरून तुंगनाथाची चढण कशी लागते, हे बुवांकडून ऐकून ती मला सांगायची आणि मी नकाशात शोधायची. वाटेतल्या मुक्कामाला तिकडे चट्टी म्हणतात. चट्टीवरच्या दुकानात डाळ-तांदूळ घेतले की वाणी भांडी फुकट देतो, आपलं आपण शिजवून खायचं. हे कळल्यावर मी म्हटलं, म्हणजे तिथेही चूल सुटत नाही तुमची. ती हसली. "ती माज्यापुरती, मास्तरनी. वाटीभर तांदूळ."

पेद्रू बोटीवर खलाशी होता आणि त्या वर्षी रजेवर घरी होता. थंडी म्हणजे काय ते आमच्या वाडीत त्यालाच ठाऊक. त्याने आपला निळा जाड स्वेटर काकीला दिला आणि चैत्राच्या उन्हात घालून दाखवायला लावला. ती घामाने भिजली तरी काढेना. बुवांनी सांगितलं होतं की उंचावर दम लागला तर कापूर हुंगायचा, म्हणून ती आमच्या पायऱ्या चढताना कापूर हुंगायची. पेद्रू हसून हसून खाली बसायचा. इतकी मजा आमच्या पडवीत त्याआधी झाली नव्हती.

अक्षय्यतृतीयेला सकाळी मुहूर्त होता. मुंबईची बोट पुढच्या आठवड्यात. घरच्या देवांना गाऱ्हाणं घातलं, परशुरामाने वहिनीच्या हातावर नारळ ठेवला, जानकीने ओटी भरता येत नाही म्हणून नुसता नमस्कार केला आणि तिच्या गळ्यात पडून रडली. मुलंही रडली. मग मथुराकाकी गाठोडं घेऊन उंबरा ओलांडून मागल्या दाराने निघाली आणि गडग्याच्या फटीतून आमच्याकडे आली. आम्ही तिला पडवीचं एक टोक सारवून दिलं होतं, तिची चूल वेगळी, पाण्याचा हंडा वेगळा. तिला त्रास नको म्हणून मी घरात मासे आणणं बंद केलं. पेद्रूने एरवी बोंब मारली असती, पण त्याने गुपचूप आमटी-भात खाल्ला.

दोन दिवस गेले आणि मसुऱ्याहून निरोप आला. गुरुदासबुवा तापाने पडले होते. ठरलेली बोट चुकणार. पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने निघू, असं त्यांनी कळवलं होतं. ती चुकली तर समुद्र बंद आणि यात्राही बंद.

तेव्हापासून मथुराकाकी अडकली. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही, आणि मागे म्हणजे काय, तर डोळ्यांसमोर, एका गडग्याच्या पलीकडे. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्याकडेच उघडायची. सकाळी चुलीचा धूर कसा निघतो त्यावरून तिला कळायचं की जानकीने ओली लाकडं घातली. पहिले काही दिवस ती फटीपाशी उभी राहून सांगत राहिली. जानकी, रांजण झाक. जानकी, गाईक पाणी दाखवलंस? जानकी, धाकट्याचा कान फुटलो तर तेल गरम करून घाल. मला ते बघवेना. मी म्हटलं, "काकी, तुमी बद्रीक निघाल्यात. हरिद्वार तरी गाठा." मग तिने पाट उचलला आणि खाडीकडे तोंड करून बसली. तोंड उत्तरेला असलं तरी कान दक्षिणेलाच होते. तिकडे भांडं पडलं की तिचे खांदे हलायचे.

परशुराम रोज संध्याकाळी फटीपाशी यायचा. परत या असं तो एका शब्दाने म्हणाला नाही, तसं म्हणणं पाप. तो फक्त बातम्या द्यायचा. "वयनी, आज भात कच्चो ऱ्हवलो. वयनी, गाय दूध देयना, लाथ मारता. वयनी, कोकमाची सोलां बुरशी धरतत." तक्रार नाही, आवाज चढवणं नाही, रोजचा घरचा हालहवाल. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं. माणसाला असं गोड बोलून बांधता येतं हे मला तेव्हा कळलं आणि त्या माणसाचा मला मनस्वी राग आला. एकदा काकी विहिरीवर असताना मी त्याला तोंडावर विचारलं, तुमच्या वहिनीने जन्मात एकदा कुठे जायचं म्हटलं तर तुमचं काय बिघडतं? तो शांतपणे म्हणाला, "बाय, माका ठावक नव्हता घर कसा चालता ता. आता कळला. ह्या वेळेक शब्द गेलो, गेलो. पण पुन्हा ह्या नाव काढूक देवचंय नाय."

हे मी काकीला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "माका म्हायती आसा," आणि तांदूळ निवडत राहिली.

मग जानकी तापाने पडली आणि परशुरामाने ग्रामदेवीला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे सगळे प्रश्न शेवटी तिथेच जातात. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर देवीचं हो आणि डावी पडली तर नाही. वयनीला प्रस्थान मोडून घरात घ्यायला परवानगी दे, दोष लावू नको, असं मागणं होतं. देवीने हो म्हटलं की संपलं. मग कोणाला दोष नाही, गलबत बुडायची भीती नाही, आणि घरात परत न जायला काकीकडे कारणही नाही. त्या सकाळी ती जेवली नाही. मी चर्चला जाऊन मेणबत्ती लावून आले. देवी त्यांची असली म्हणून काय झालं, कानावर घातलेलं बरं.

दुपारी पेद्रू देवळाकडून धावत आला. डावी पडली होती. परशुरामाने शब्द फिरवून पुन्हा विचारलं, तर पुन्हा डावी. तिसऱ्यांदा तो तोंड उघडतोय तोवर पुजाऱ्यानेच त्याला थांबवलं.

मथुराकाकी तोंड उघडून हसलेली मी तेव्हा पाहिली. एरवी ती पदर तोंडावर धरायची. "मास्तरनी," ती म्हणाली, "देवीक पण खंय तरी जावचा आसतला. वर्सान् वर्सा एका जाग्यार बसान कंटाळली आसतली ती."

जानकीचा ताप दोन-चार दिवसांत उतरला. आणि शेवटच्या बोटीच्या आदल्या दिवशी मसुऱ्याहून माणूस आला. बुवा उठले होते. उद्या सकाळी त्यांची बैलगाडी आमच्या रस्त्याने बंदरावर जाणार, काकीने तयार राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं बांधून झालं होतं. नकाशा मी पुन्हा भिंतीवर लावला होता, तिला जाता जाता बघता यावा म्हणून. पेद्रू गाडी थांबवायला रस्त्यावर गेला. काकी पडवीच्या पायरीवर बसून बूट घालत होती. तिच्या भावाने पाठवलेले कापडी बूट, नवेकोरे. जन्मभर अनवाणी चाललेली बाई, तिला नाडी बांधता येईना. एका पायाची मी बांधून दिली. "दुसरी माका बांधूक दी," ती म्हणाली. पलीकडे जानकीने चुलीवर पेज ठेवली होती आणि ती कपडे घेऊन विहिरीवर गेली होती. मुलं पुढल्या अंगणात होती.

तेव्हा चर्रर्र असा आवाज आला. पेज उतू जाऊन निखाऱ्यांवर पडल्याचा. मागोमाग जळलेल्या पेजेच्या पाण्याचा वास.

मथुराकाकी उठली. एका पायाची नाडी लोंबत होती. ती घाईत नव्हती, दचकलीही नव्हती. हातातलं काम ठेवून दुसऱ्या कामाला उठावं तशी उठली. गडग्याच्या फटीतून गेली, अंगण ओलांडलं, मागल्या दाराचा उंबरा ओलांडला आणि बुटांसकट स्वयंपाकघरात शिरली. मला ओरडायचं होतं, पण ती काय करते आहे हे मला कळेपर्यंत तिने झाकण काढलं होतं आणि लाकूड मागे ओढलं होतं.

मी फटीपर्यंत धावले. "काकी," एवढंच म्हटलं.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग खाली, आपल्या पायांकडे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बूट. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ही आता पडते.

"कोणी बगूक नाय," मी हळू आवाजात म्हटलं. "जानकी विहिरीर आसा. येवा भायर. गाडी येता."

"देवान बगल्यान."

"देवाचा मी बगतंय. तुमी येवा."

मी अगदी खरं बोलत होते. तिच्या देवाशी, माझ्या देवाशी, लागलं तर परशुरामाच्या पणजोबाशी भांडायची माझी तयारी होती. तिलाही ते पटलं असावं. ती दारापर्यंत आली. चौकटीला हात लावून उभी राहिली. रस्त्यावर बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या आणि पेद्रूची हाक ऐकू आली. तिने एक पाऊल उंबऱ्याबाहेर पायरीवर टाकलं. तेही मी पाहिलं.

लाकूड तिने ओढलं होतं, पण निखारे जिते होते. तिच्या पाठीमागे पेज पुन्हा वर आली आणि पुन्हा तोच चर्रर्र आवाज झाला.

"जावंदे उतू," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. आता मात्र ती विसरलेली नव्हती. यात्रा, बोट, परशुरामाचा शब्द, सगळं तिच्या डोळ्यांत होतं. "पोरां उपाशी ऱ्हवतली गो," ती म्हणाली. मग ती पायरीवर वाकली, बूट काढले, दोन्ही नीट शेजारी ठेवले आणि आत गेली.

मला तिचा राग आला. एवढा राग मला परशुरामाचाही आला नव्हता. एक वेळची पेज सांडली असती तर कोणी मेलं नसतं. मुलांनी पोहे खाल्ले असते. आणि त्याच वेळी मला रडूही येत होतं, कारण मला माहीत होतं की तिला हे सगळं माझ्याइतकंच कळत होतं.

जानकी पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन आली. पायरीवरचे बूट तिने पाहिले, मग आत चुलीपाशी बसलेली काकी पाहिली. "वयनी," ती म्हणाली आणि तिथेच थांबली. पुढे काहीतरी विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. बादली खाली ठेवली, भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून घेतले. तीन आठवड्यांत त्या पोरीला पहिल्यांदा श्वास घ्यायला मिळाला असेल. तिच्यावर मी रागावू तरी कशी?

"पेजेत मीठ घातलंस काय गो?" आतून काकीने विचारलं.

"नाय," जानकी म्हणाली.

पेद्रू रस्त्यावरून हाका मारत होता. बुवांचा आवाजही येत होता, उशीर होतो आहे, बोट थांबायची नाही. मी बाहेर गेले. गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, एका कोपऱ्यात काकीसाठी जागा ठेवलेली होती.

"खंय आसा ती?" पेद्रूने विचारलं.

"गाडी जावंदे," मी म्हटलं. "पेज शिजाची आसा."